किट विमान : चाचणीची जागा आधी ठरवा

माननीय संपादक महोदय,
स. न.

हौशी विमानबांधणीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र किट (म्हणजे घरी जोडायच्या विमानाच्या सुट्या भागांचा संच) मागवणे, रिव्हेट मारणे आणि पंख जोडणे यांचे वर्णन जितके रंगले आहे, तितकी जागा त्यापुढच्या कामाला, म्हणजे तपासण्या आणि चाचणी-उड्डाणांना, मिळालेली नाही. हयात विमान देखभालीत गेल्यामुळे त्याबद्दल लिहावेसे वाटले. किट बांधणारे थट्टेने म्हणतात की, नव्वद टक्के काम झाले म्हणजे अजून नव्वद टक्के उरले. त्या थट्टेत फारशी अतिशयोक्ती नाही.

रंगाचेच उदाहरण घ्या. एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरील झडपा) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरील झडप) यांचा तोल साधल्यानंतर त्यांच्यावर रंगाचे थर चढले की बिजागरीच्या मागचे वजन वाढते आणि ठरावीक वेगापलीकडे ते भाग इतके फडफडू शकतात की शेपटीच तुटावी. म्हणून रंगकामानंतर हा तोल पुन्हा तपासावाच लागतो. संपूर्ण विमानही तयार झाल्यावर तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून प्रत्यक्ष तोलावे, कारण गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे सरकला तर स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल अचानक घटल्यावर, विमान सावरणे कठीण होते. इंधनाची तपासणी नाक चढाईच्या कोनात उचलून, कार्बुरेटरजवळची नळी सुटी करून करतात : पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट, आणि पंप असल्यास सव्वापट, इंधन त्या नळीतून वाहिले पाहिजे. स्टिक (वैमानिकाच्या हातातली दांडी) डावीकडे झुकवल्यावर डावा एलेरॉन वर जातो ना, हे बांधणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कोणी पाहावे.

नव्या इंजिनाचा प्रश्न निराळाच आहे. पिस्टनच्या रिंगा नीट बसण्यासाठी त्यावर भरपूर जोर पडावा लागतो. ते जमिनीवर मंद गतीने फिरवत राहिले तर सिलिंडर आतून गुळगुळीत होतो आणि इंजिन पुढे कायम तेल खाते. त्यामुळे सरावाच्या नावाखाली धावपट्टीवर फेऱ्या मारण्याचा मोह टाळावा. वेगात धावताना विमान नकळत उचलले जाण्याचा धोकाही त्यात असतोच.

अमेरिकेत अशा विमानाला चाचणीसाठी, इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असल्यास साधारण २५ तास, नसल्यास ४० तास, नेमून दिलेल्या विरळ वस्तीच्या क्षेत्रातच उडावे लागते, आणि तोवर प्रवासी नेता येत नाही.

असे क्षेत्र गोव्यात कुठे आहे? दाबोळीची धावपट्टी नौदलाची असून सकाळचे काही तास प्रशिक्षणासाठी राखीव असतात, तर मोपा प्रवासी वाहतुकीसाठी उभारलेला विमानतळ आहे. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी स्वतः बांधलेले विमान किटचे नव्हते, स्वतःच्या आराखड्याचे होते. तरीही त्यांचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले ते विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात सर्वांनी पाहिले, परंतु त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि चाचण्यांसाठी ते धुळ्याला न्यावे लागले. गोव्यातल्या बांधणाऱ्यालाही पंख उतरवून विमान ट्रकने घाटापलीकडे न्यावे लागेल, तिथे पुन्हा जोडून सर्व तपासण्या नव्याने कराव्या लागतील आणि हँगरचे भाडेही मोजावे लागेल. शिवाय चार महिन्यांचा पाऊस आणि खारा वारा यांत उघडे अ‍ॅल्युमिनियम व पोलादी बोल्ट फार काळ तग धरत नाहीत. (शेजारीपाजारी मात्र 'चवथीपर्यंत उडणार ना?' असे विचारतच राहणार!)

म्हणून किटची आगाऊ रक्कम भरण्याआधीच इच्छुकांनी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी पत्रव्यवहार करावा, चाचणीचा विमानतळ लेखी ठरवून घ्यावा आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा. पुरवणीच्या पुढील लेखात परवानगीची ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल तंत्रज्ञ, वास्को