प्रमाणाशिवाय अर्काची कृती छापू नये

महोदय,

वृत्तपत्रांच्या आरोग्य पानांवर घरगुती अर्कांच्या कृती वरचेवर येतात. ‘बरणीत पाला भरा, वर अल्कोहोल ओता, महिनाभर ठेवा’ एवढ्यावर त्या संपतात. वनस्पती किती ग्रॅम, द्रव किती मिली आणि त्यात अल्कोहोल किती टक्के, हे न सांगता छापलेली कृती निरुपयोगी असते. कधी कधी घातकही.

वाळलेल्या वनस्पतीला सहसा १:५ हे प्रमाण धरतात, म्हणजे ४० ग्रॅम भरडीला २०० मिली द्रव. भरडच हवी. पीठ केले तर गाळताना फडके तुंबते आणि बाटलीच्या तळाशी गाळ साचत राहतो. बहुतेक पाना-मुळांना ४० ते ६० टक्के अल्कोहोल पुरते. गुग्गुळासारख्या राळयुक्त द्रव्याला ९० टक्क्यांच्या आसपास लागते, कारण राळ पाण्यात विरघळत नाही. याउलट, जिचा गुण बुळबुळीत द्रव्यात आहे अशा वनस्पतीला तीव्र अल्कोहोल चालत नाही. ते द्रव्य साकळून बाहेर पडते. तिचा हिम, म्हणजे थंड पाण्यात भिजवून गाळलेले पाणी, करावा आणि ताजाच वापरावा.

सर्वाधिक बिघाड होतो तो ओल्या पाल्यात, कारण पाल्यातले पाणी कोणी हिशेबात धरत नाही. १०० ग्रॅम ओल्या पाल्यात ८० मिली पाणी आहे असे धरा. त्यावर ४० टक्क्यांचे १०० मिली द्रव ओतले, तर एकूण १८० मिलीत अल्कोहोल ४० मिली, म्हणजे जेमतेम २२ टक्के. इतक्यावर अर्क टिकेलच याची खात्री नाही. त्याच पाल्याला ९५ टक्क्यांचे २०० मिली घेतले, तर तीव्रता ६८ टक्क्यांच्या जवळ राहते. पाला द्रवाबाहेर डोकावला की तिथे बुरशी धरते, म्हणून पहिले काही दिवस पातळी रोज पाहावी, बरणी हलवावी आणि लागल्यास त्याच तीव्रतेचे द्रव वर घालावे. दोन ते चार आठवड्यांनी चोथा घट्ट पिळून गाळावे.

पोटात घ्यायच्या अर्काला पिण्यायोग्य इथेनॉलच हवे. सर्जिकल स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिनेचर्ड स्पिरिट (पिता येऊ नये म्हणून मुद्दाम भेसळ केलेले अल्कोहोल) कदापि नको. डिनेचर्ड स्पिरिटात मिथेनॉल असू शकते. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो, आणि गाळल्याने ते निघून जात नाही. अर्क आटवण्यासाठी गॅसवर ठेवणे हा तर आगीला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, कारण अल्कोहोलची वाफ पेट घेते.

अल्कोहोल नको असेल तर वाळलेल्या वनस्पतीसाठी द्रवात ग्लिसरीन किमान ६० टक्के ठेवावे. तेलात मुरवलेला कच्चा लसूण मात्र बाहेर ठेवू नये. हवा न पोहोचणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही.

आणि मात्रा थेंबांत छापू नका. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. मिलीत द्या, सोबत प्रमाणही द्या. १:५ च्या ५ मिली अर्कामागे १ ग्रॅम वनस्पती असते, एवढे कळले तरच नियमित औषधे घेणाऱ्याला आपल्या डॉक्टरांना नेमके विचारता येईल.

आपला,
एक वाचक