तुमच्या पहिल्या शाळेचं नाव

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांवर आवाज चढवला, त्याची माफी मागायला हे पत्र लिहिते आहे. फोनवरच मागितली असती, पण माफीचा विषय निघाला की बाबा "राहू दे गं, जेवलीस का?" म्हणून तो बाजूला सारतात.

बाबा, बँकेच्या ऑनलाइन खात्याच्या त्या सुरक्षा प्रश्नाला तुम्ही तीनदा उत्तर दिलंत आणि तिन्ही वेळा ते बरोबरच होतं. 'तुमच्या पहिल्या शाळेचे नाव काय?' जीवन शिक्षण विद्यामंदिर. चार वर्षांपूर्वी खातं ऑनलाइन करताना काउंटरवरच्या मुलाने ते इंग्रजीत कसं टाइप केलं, हे तुम्हाला कसं माहीत असणार? विद्याला व्ही लावला की डब्ल्यू? शिक्षणमधल्या क्ष साठी के-एस-एच की नुसता एक्स? मंदिर जोडून की तोडून? मलाही सांगता आलं नसतं. यंत्राला शाळा कळत नाही, ते अक्षराला अक्षर जुळतं का एवढंच बघतं. तिसऱ्यांदा लाल अक्षरं आली, खातं बंद झालं, आणि मी म्हणाले, "बाबा, स्वतःच्या शाळेचं नाव आठवत नाही का?" त्या शाळेत शिकलेली पावकी-निमकी ज्यांना आजही घडाघडा येते, त्या माणसाला मी हे विचारलं. ते वाक्य तेव्हापासून मला झोपू देत नाही.

म्हणून थोडं वाचून काढलं. गूगलच्या संशोधकांनी 2015 मध्ये तपासलं, तेव्हा अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या लोकांपैकी 40 टक्के जणांना अशा प्रश्नांची स्वतःचीच उत्तरं गरजेच्या वेळी आठवली नव्हती. तीही त्यांच्या मातृभाषेत दिलेली. 2017 मध्ये तिथल्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने असे प्रश्न पासवर्डसाठी विचारू नयेत, असं लिहूनच टाकलं. तरी आपल्याकडे ते अजून विचारले जातात, आणि उत्तर जुळलं नाही की मान खाली घालतो तो म्हातारा माणूस. याचा मला राग येतो.

आई, तुझ्या माहेरचं आडनाव हेही म्हणे अशाच एका प्रश्नाचं गुप्त उत्तर! तुमच्या लग्नपत्रिकेत ते छापलेलं आहे. माझ्या लग्नाच्या वेळी बायोडेटात 'मामांचे आडनाव' असा वेगळा रकानाच होता आणि तो कागद किती घरांत फिरला, ते तुलाच माहीत. अमेरिकेत 2008 मध्ये उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या ईमेलमध्ये एक विद्यार्थी असाच शिरला होता. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याची भेट कुठे झाली, ही उत्तरं त्याला इंटरनेटवरच सापडली. आणि तुझी दुसरीच अडचण. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं गेलं, शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनंच राहिलं. आता फॉर्म म्हणतो, नाव जुळत नाही. तुझं जुनं नाव आता फक्त मामा घेतो. ते तुझं नाही, असं कुठल्या रकान्याने ठरवू नये.

तर आता असं करू. या प्रश्नांना खरं उत्तर द्यायचंच नाही. शाळेच्या जागी दुसराच एखादा सोपा, आपण ठरवलेला शब्द, तोही इंग्रजीत कसा लिहायचा ते स्पेलिंगसकट कपाटातल्या डायरीत. डायरी पासबुकाबरोबर पिशवीत न्यायची नाही, घरातच ठेवायची.

बाबा, नोव्हेंबर जवळ आलाय, हयातीच्या दाखल्याची काळजी करू नका. गेल्या वर्षी यंत्राने तुमचा अंगठा पाचदा नाकारला आणि तुम्ही रुमालाने बोटं पुसत बसलात, असं आई म्हणाली. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात इतकी वर्षं लोखंड हाताळलेली बोटं आहेत ती, रेषा झिजणारच. 2021 पासून सरकारच्या जीवन प्रमाण या ऑनलाइन सेवेत चेहरा दाखवूनही दाखला होतो, ते माझ्या मोबाइलवर करू. मी आले नाही तर पोस्टमनला बोलवा, तो 70 रुपयांत घरी येऊन करतो. पण 'घरबसल्या दाखला करून देतो, आलेला ओटीपी सांगा' असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या. चुकून सांगितला गेलाच तर लपवू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा आणि मग मला. मी ओरडणार नाही.

रविवारनंतर तुम्ही मला काहीच विचारलेलं नाही. परवा वीजबिल भरायला चौकातल्या दुकानात गेलात, हे आईकडून कळलं. तुम्ही मला सायकल शिकवलीत तेव्हा महिनाभर कॅरियर धरून मागे पळत होतात, एकदाही वैतागला नाहीत. मला विचारत जा. एकच गोष्ट दहादा विचारा.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघते. बँकेचं पत्र आणि आईचा शाळेचा दाखला काढून ठेवा, शनिवारी शाखेत मी बरोबर येते.

तुमची,
लेक