सेनेका : इतिहासजमा नव्हे, नांदता समाज

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातून ‘रेड इंडियन’ हा चुकीचा शब्द आणि भूतकाळी क्रियापद अजूनही जात नाही. जणू ही माणसे होती आणि संपली. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातल्या सेनेका लोकांच्या बाबतीत हे धडधडीत असत्य आहे. ज्या धर्मजागृतीने त्यांना सावरले, तिच्याविषयी आपल्या वाचकांना काही कळावे, म्हणून हे पत्र.

सेनेका हे हॉडेनोशोनी, म्हणजे पुस्तकांतून ‘इरोक्वॉय’ म्हणून परिचित असलेल्या सहा राष्ट्रांच्या संघाच्या पश्चिम दरवाजाचे राखणदार. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यापैकी बहुतेकांनी ब्रिटिशांची बाजू घेतली. १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकुमावरून जनरल सलिव्हन यांच्या फौजेने संघाची ४० हून अधिक गावे जाळली, शेतातला उभा मका नासवला, फळबागा तोडल्या. सेनेका प्रमुख कॉर्नप्लँटर यांनी १७९० मध्ये फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना स्पष्ट सुनावले, की आम्ही तुम्हाला ‘गावे उद्ध्वस्त करणारा’ म्हणतो, आणि ते नाव कानी पडले की आजही आमच्या बायका दचकून मागे पाहतात, त्यांचे चेहरे पांढरे पडतात आणि लेकरे आईच्या गळ्याला बिलगतात. पुढे १७९७ च्या बिग ट्री करारात बहुतेक जमीन एक लाख डॉलरला गेली. मोजक्या राखीव तुकड्यांवर उरलेल्या समाजात दारूने घरेच्या घरे पोखरली.

कॉर्नप्लँटर यांचे भाऊ हॅन्डसम लेक हेही दारूपायी अंथरुणाला खिळले होते. जून १७९९ मध्ये एके सकाळी ते कोसळले. घरच्यांना वाटले, गेले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सांगितले, की हातात फळांनी लगडलेल्या फांद्या घेतलेले तीन दूत आपल्याला भेटले आणि दारू सोडण्याचा निरोप देऊन गेले. या आणि पुढच्या दर्शनांतून जी शिकवण आकाराला आली, तिला ‘गाइविओ’, म्हणजे ‘शुभ वचन’, म्हणतात. दारू वर्ज्य, संसार नेटका, मुलांना आणि वृद्धांना जपणे, जमीन न विकणे, असा तिचा गाभा आहे. जुने सण तिने मोडले नाहीत. स्ट्रॉबेरीचा उत्सव, नव्या मक्याचा उत्सव, हिवाळ्याच्या मध्यावरचा विधी हे सारे राहिले. एका बाजूने काळ्या केलेल्या पीचच्या सहा बिया लाकडी कटोऱ्यात उसळवून खेळायचा पवित्र खेळही राहिला.

या चळवळीचे सरसकट गुणगान मात्र मी करणार नाही. जादूटोण्याच्या आरोपांवरून त्या काळात काहींचे प्राण गेले. पिढ्यान्‌पिढ्या शेती ही बायकांच्या हातची, तिथे पुरुषांनी नांगर धरावा असा आग्रह आल्याने घरातले बायकांचे वजनही बदलले. तरीही एक गोष्ट मान्य करावीच लागते. शेजारी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे धर्मप्रचारक येऊन राहिले असताना, या समाजाने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या विधींच्या आधारे उभे राहण्याची वाट शोधली. हॅन्डसम लेक १८१५ मध्ये वारले. त्यांची वचने मुखोद्गत करणारे आजही आहेत, आणि लाँगहाउसमध्ये, म्हणजे विधी जिथे होतात त्या लांबट सभाघरात, ती कित्येक दिवस चालणाऱ्या पठणातून ऐकवली जातात.

जमिनीची लढाई तर अलीकडची आहे. १७९४ च्या कनॅनडेग्वा करारात अमेरिकेने सेनेकांच्या जमिनीवर कधीही दावा न करण्याचे वचन दिले होते. ते मोडून अॅलेगेनी नदीवर किन्झुआ धरण बांधले गेले. पिट्सबर्गचे पुरापासून संरक्षण हा त्यामागचा प्रमुख हेतू. १९६५ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे १० हजार एकर जमीन गेली आणि सुमारे ६०० माणसे उठवली गेली. कॉर्नप्लँटर यांची कबर उकरून दुसरीकडे न्यावी लागली, कोल्डस्प्रिंग या सेनेका वस्तीतले लाँगहाउसही नव्या वस्तीत हलवावे लागले. लाँगहाउसमधले विधी मात्र थांबले नाहीत. १७९४ च्या त्याच करारात ठरलेले कापड अमेरिकी सरकार आजही दरवर्षी पाठवते आणि संघाचे लोक ते आवर्जून स्वीकारतात, कारण करार जिवंत असल्याचा तो पुरावा आहे.

म्हणून विनंती, की आपल्या वृत्तपत्रात या लोकांचा उल्लेख येईल तेव्हा ‘रेड इंडियन’ऐवजी त्यांच्या राष्ट्राचे नाव छापावे, आणि वाक्य वर्तमानकाळात असावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे