पंचाहत्तरीला का येत नाहीये

एडिसन, न्यू जर्सी
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

सुट्टी मिळत नाही म्हणून बाबांच्या पंचाहत्तरीला येत नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खोटं होतं. माझी नोकरी ७ नोव्हेंबरला गेली. कंपनीने एका औषधाच्या चाचण्या थांबवल्या आणि त्यावर काम करणारी आमची सगळी टीम कमी केली. महिनाभर मी तुमच्याशी "ऑफिसातून बोलतेय" म्हणत राहिले. विमानाचं तिकीट रद्द केलं त्या रात्री खूप रडले. फोनवर तोंडून शब्द फुटणार नाही, म्हणून लिहितेय.

आई, तू लगेच म्हणशील, मग घरीच ये की, पंधरा दिवस राहा आणि परत जाऊन शोध. तसं करता येत नाही गं. माझ्या एच-१बी व्हिसावर, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवलेल्या नोकरीच्या व्हिसावर, नोकरी गेली की इथे जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं, रविवार-सुट्ट्या धरून. आज तिसावा दिवस. ६ जानेवारीला मुदत संपते आणि त्याआधी नव्या कंपनीने माझा अर्ज सरकारकडे दाखल करायला हवा. मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, अर्ज पोचला की कामावर जाता येतं. पण अर्जाआधी कामगार खात्याकडून पगाराबद्दलचा एक कागद मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात कामाचे सात दिवस जातात, आणि मधे नाताळ आणि १ जानेवारी. म्हणजे माझ्या हिशेबाने खरी मुदत १९ डिसेंबरच्या आसपासच आहे. देश सोडला तर उरलेले दिवस तिथेच संपतात. बाबा, सप्टेंबरात याच व्हिसाच्या नव्या अर्जांवर लावलेल्या एक लाख डॉलरच्या शुल्काची बातमी वाचून तुम्ही घाबरून फोन केला होता. इथल्या इथे नोकरी बदलणाऱ्याला ते लागत नाही. बाहेर जाऊन नव्याने यायचं झालं तर तो प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून जागचं हलायचं नाही, असं ठरवलंय.

इथे सगळे सांगतात की नोव्हेंबरच्या अखेरीपासून कोणी माणसं घेत नाही, जानेवारीत बघ. थँक्सगिव्हिंगच्या सणाला, गुरुवारी, मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. घास उतरेना. त्या आठवड्यात एकाही मेलला उत्तर नव्हतं. मग शनिवारी बसून जुन्या २२ सहकाऱ्यांना एकेक पत्र लिहिलं. नुसत्या शुभेच्छा नाहीत, आपण मिळून काय काम केलं ते आठवून, आणि शेवटी सरळ लिहिलं की माझी नोकरी गेली आहे, कुठे जागा कळली तर सांगा. सात जणांची उत्तरं आली. त्यातल्या एका बाईंनी स्वतः फोन केला. त्यांच्याकडे एक जागा याच वर्षीच्या बजेटमध्ये मंजूर आहे. ३१ डिसेंबरपर्यंत भरली नाही तर पुढच्या वर्षी ती राहीलच असं नाही, म्हणून त्यांनाही घाई आहे. अडचण एवढीच की मुलाखत घेणारे चारही जण एका वेळी सापडत नाहीत. एक तर १५ तारखेपासून रजेवर आहेत. मी त्या बाईंना सांगितलं, सकाळी सात म्हणालात तरी येईन.

बाबा, मला हळदीची पेढी सारखी आठवते. दिवाळीत सौदे बंद असायचे, लक्ष्मीपूजनाला वही पुजून झालेली असायची, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन बसायचात. मी डबा घेऊन यायचे. मार्केट यार्डात चिटपाखरू नसायचं. एखादा शेतकरी सहज डोकवायचा, तुम्ही त्याला चहा पाजायचात, त्याच्या मुलीच्या लग्नाचं विचारायचात. त्याच्याकडची नवी हळद निघाली की तो तुमच्याच पेढीवर गाडी लावायचा. आता रोज सकाळी नऊला मी आंघोळ करून, केस विंचरून टेबलाशी बसते, तेव्हा मला तुम्ही दिसता. दुपारी एकपर्यंत अर्ज आणि पत्रं, मग तासभर चालणं, मग मुलाखतीचा अभ्यास. इथे साडेचारलाच अंधार पडतो, तो वेळ फार जड जातो.

नाहीच जमलं तर ६ जानेवारीच्या आत पर्यटक म्हणून राहण्यासाठी अर्ज करता येतो. त्याचा निकाल लागेपर्यंत राहता येतं, काम मात्र करता येत नाही. तेही नकोसं वाटलं तर सांगलीला येईन. आठ आठवड्यांचा जादा पगार मिळालाय, पैशांची काळजी करू नका.

आई, एक मागणं आहे. हे कोणापासून लपवू नकोस. धाकट्या मावशीचे जावई याच क्षेत्रात आहेत. तिला आजच सांग, लाज वाटून घेऊ नकोस. माझा बायोडेटा दादाकडे पाठवलाय, तो तिला देईल.

पंचाहत्तरीची पूजा ठरल्याप्रमाणे करा. मी मोबाइलवरून पूर्ण वेळ असेन, बाबांना ओवाळताना फोन जवळ धरा.

त्या बाईंकडची मुलाखत अखेर ठरली, ११ तारखेला, इथल्या दुपारी दोनला, म्हणजे तुमच्या रात्री साडेबाराला आहे. जागत बसू नका. झाली की लगेच लिहीन, सकाळी चहा घेताना वाचा.

तुमची लेक