बाळंतिणीच्या चूर्णाच्या डब्यावर घटक आणि प्रमाण न छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली आहे. टाके ओले, त्यात लोहाच्या गोळ्या चालू. शौचाला खडा होत होता आणि टाके तुटतील या धास्तीने ती कुंथायलाही घाबरत होती. रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून मी तुमचे पोट साफ होण्याचे चूर्ण आणले, ते डब्यावर ठळक छापलेले वाचून: 'बाळंतिणींसाठी संपूर्ण सुरक्षित. रोज रात्री एक चमचा.'

रात्री चमचाभर घेतले की पहाटे पोटात मुरडा, मग पातळ जुलाब. बाळाला पाजायला बसण्याचेही त्राण तिच्यात उरले नाही. डॉक्टरांनी डबा बघायला मागितला. त्यावर घटकांच्या जागी एवढेच: 'निवडक सारक वनस्पती'. तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर 'सोनामुखी आहे, बाकीचे आणि प्रमाण सांगता येत नाही, फॉर्म्युला गोपनीय आहे' असे उत्तर मिळाले. ओल्या बाळंतिणीच्या डॉक्टरांपासून गोपनीय?

सोनामुखीला माझा विरोध नाही. बेताच्या मात्रेत, थोडे दिवस घेतली तर अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते, असे डॉक्टरच म्हणाल्या. पण इसबगोल पाणी धरून मळ मऊ करतो, तशी ही नाही. ही मोठ्या आतड्याला चाळवते, म्हणून सहा ते बारा तासांनी पोट मोकळे होते. मात्रा जास्त झाली की मुरडा येतो, जुलाबावाटे अंगातले पाणी आणि पोटॅशियम जाते. सल्ल्याशिवाय आठवड्यापलीकडे ती घेऊ नये, आणि तुम्ही सरसकट 'रोज' छापता! त्यात काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला चीक) आहे का, हेही आम्हाला कळायला मार्ग नाही. पाजत्या आईने तो टाळावा असे डॉक्टरांनी बजावले आहे.

औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे नाव: औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर सर्व घटक, वनस्पतींची शास्त्रीय नावे आणि प्रमाण छापावे लागते.

या डब्याचे पैसे परत करा, पण त्याआधी घटकांची संपूर्ण यादी प्रमाणासह मला लेखी पाठवा, म्हणजे ती डॉक्टरांना दाखवता येईल. 'संपूर्ण सुरक्षित' आणि 'रोज' हे शब्द काढा, आणि दुकानांत पडून असलेला माल परत घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर मी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. पावती आणि डब्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
एक ग्राहक, नाशिक