‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बंद पडले?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘सर्व्हर डाऊन, नागरिक दिवसभर ताटकळले’ अशा आशयाची बातमी वाचली. बातमीत रांगेचे छायाचित्र होते, वैतागलेल्या लोकांच्या प्रतिक्रिया होत्या आणि शेवटी ‘तांत्रिक अडचणीमुळे सेवा बंद होती, ती आता पूर्ववत झाली आहे’ असे अधिकाऱ्यांचे एक वाक्य होते. नेमके काय बंद पडले, कशामुळे आणि कधीपासून, हे कुणी विचारले नव्हते आणि कुणी सांगितलेही नव्हते. मी गेली १९ वर्षे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करते. माझ्या अनुभवात अशा दिवशी यंत्र क्वचितच बिघडलेले असते. बहुतेक वेळा डेटाबेसच्या आत पडद्यामागे अखंड चालणाऱ्या एखाद्या प्रोसेसचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, काम अडलेले असते, तिने तसे लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या नोंदवहीत, पुन्हापुन्हा लिहून ठेवलेले असते आणि तो लॉग वाचण्याची जबाबदारी कुणावरच नसते. या प्रोसेसबद्दल मराठी वर्तमानपत्रांत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

पतसंस्थेतील ठेव असो, घरपट्टीचा भरणा असो की दाखल्याचा अर्ज, ही सगळी माहिती रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांमध्ये साठते. खिडकीवरचा कर्मचारी नोंद करतो तेव्हा त्याच्यासाठी एक प्रोसेस काम करते, हे सहज लक्षात येते. पण डेटाबेस सुरू झाल्याक्षणी आणखी काही प्रोसेस जाग्या होतात आणि तो बंद होईपर्यंत कुणी न सांगता राबत राहतात. त्यांना बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतात. ज्यांनी जुन्या पेढीत कीर्द आणि खतावणी लिहिलेली पाहिली आहे, त्यांना त्यांचे काम चटकन समजेल. दिवाणजी आलेला व्यवहार आधी कीर्दीत उतरवत आणि सवड मिळाली की तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवत. ओरॅकल डेटाबेसमध्ये कीर्द लिहिणारी प्रोसेस म्हणजे लॉग रायटर आणि खतावणी करणारी म्हणजे डेटाबेस रायटर. ‘आपला व्यवहार पूर्ण झाला’ असा संदेश पडद्यावर उमटतो तो कीर्दीतली ओळ डिस्कवर पक्की झाल्यानंतर. खतावणी तोवर झालेली असेलच असे नाही. म्हणूनच लॉग रायटर कमालीची तत्पर असते. प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करण्याच्या आज्ञेला, ती लिहितेच, पण कुणी कमिट केले नाही तरी दर ३ सेकंदांनी, आणि मेमरीतला लॉगचा बफर, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची जागा, एक तृतीयांश भरला की त्याहीआधी, ती साठलेल्या नोंदी डिस्कवर उतरवते. डेटाबेस रायटर मात्र सवडीने, गठ्ठ्याने लिहिते. कुठवरची खतावणी उरकली याची खूण चेकपॉइंटची प्रोसेस करून ठेवते. वीज गेली आणि सर्व्हर मध्येच बंद पडला, तर पुन्हा सुरू होताना सिस्टीम मॉनिटर नावाची प्रोसेस त्या खुणेपासून पुढची कीर्द वाचून अर्धवट राहिलेली खाती पुरी करवते आणि जे व्यवहार पूर्णच झाले नव्हते ते मागे फिरवते. ज्याची जोडणी मध्येच तुटली त्याने नोंदींवर लावून ठेवलेली कुलुपे मोकळी करणारी प्रोसेस मॉनिटर वेगळी.

आधी लॉग (कीर्द) आणि मग डेटा (खतावणी), ही शिस्त केवळ ओरॅकलची नाही. आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेतील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या पद्धतीवरील शोधनिबंधात तिची नेटकी मांडणी केली. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. रिलेशनल डेटाबेस अपघातातून कसा सावरतो हे शिकवताना तो शोधनिबंध आजही समोर ठेवावा लागतो. वीज गेली म्हणून आपली ठेव नाहीशी होत नाही, याचे श्रेय या शिस्तीला आहे, आणि ती रात्रंदिवस पाळणाऱ्या या प्रोसेसना आहे.

आता जिथे मी स्वतः पाहिले तिथली गोष्ट सांगते. एका पतसंस्थेतून सकाळी ११ च्या सुमारास फोन आला. महिन्याचा पहिला आठवडा होता, त्यामुळे गर्दी होती. ‘मॅडम, कालपर्यंत सगळं नीट होतं, आज एंट्री टाकली की नुसतं गोल फिरतंय,’ असे व्यवस्थापकांनी सांगितले. मी पोहोचेपर्यंत सर्व्हर दोनदा बंद करून सुरू करण्यात आला होता. त्याने फरक पडला नव्हता आणि पडणारही नव्हता. काउंटरसमोर पासबुक पिशवीत घालून आलेले एक आजोबा भिंतीला टेकून उभे होते. मुलीच्या दवाखान्यासाठी पैसे काढायला आलो आहे, असे ते शिपायाला सांगत होते. मी सर्व्हरवर लॉगिन करून डेटाबेसचा अलर्ट लॉग, म्हणजे अडचणींच्या नोंदींची फाइल, उघडला. पहाटे २ वाजल्यापासून त्यात एकाच अर्थाच्या ओळी होत्या: आर्काइव्हरला फाइल लिहिता येत नाही, जागा शिल्लक नाही. नव्याने लॉगिन करू पाहणाऱ्याला ओआरए-००२५७ ही त्रुटी मिळत होती.

आर्काइव्हर ही लॉग रायटरच्या मागोमाग चालणारी प्रोसेस. कीर्दीच्या वह्या, म्हणजे रीडू लॉगच्या फायली, मोजक्याच असतात आणि लॉग रायटर त्या आळीपाळीने वापरते. शेवटची भरली की पुन्हा पहिलीवर येते. पण पहिलीवर नवे लिहिण्याआधी तिची प्रत दप्तरात, म्हणजे आर्काइव्हमध्ये, गेलेली असली पाहिजे. ती प्रत करणे हे आर्काइव्हरचे काम. दप्तराची डिस्क भरली की आर्काइव्हर थांबते, आर्काइव्हर थांबली की काही वेळाने सगळ्या वह्या भरतात, वह्या भरल्या की लॉग रायटर थांबते आणि लॉग रायटर थांबली की एकाही खातेदाराचा व्यवहार पुढे सरकत नाही. डेटाबेस अशा वेळी मोडत नाही, तर वाट पाहतो. ज्याची पक्की नोंद करता येणार नाही असा व्यवहार स्वीकारण्यापेक्षा थांबून राहणे त्याने पत्करलेले असते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

मग डिस्क भरली कशी? रोज रात्री दप्तरातल्या प्रतींचा बॅकअप घेऊन जुन्या प्रती काढून टाकणारे एक काम लावलेले होते. तीन आठवड्यांपूर्वी बॅकअपच्या यंत्राचा पासवर्ड बदलण्यात आला. तो या कामात बदलायचा राहून गेला. तेव्हापासून ते काम रोज रात्री अपयशी होत होते आणि तसा ईमेल रोज एका पत्त्यावर जात होता. तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा होता. एकवीस रात्री आणि एकवीस ईमेल! कुणीतरी जुन्या फायली सरळ पुसून टाकाव्यात असे सुचवले, पण त्या तीन आठवड्यांचा बॅकअप दुसरीकडे कुठेही नव्हता. फायली पुसल्या असत्या आणि दुर्दैवाने त्याच संध्याकाळी डिस्क गेली असती, तर तीन आठवड्यांची कीर्दच हरवली असती. आम्ही बाहेरची डिस्क जोडली, प्रतींचा बॅकअप तिच्यावर घेतला, तो तपासला आणि मगच जागा मोकळी केली. आर्काइव्हरने स्वतःहून साचलेले काम उपसायला घेतले. डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागला नाही. पडद्यावर फिरणारी ती चकती थांबून पहिली पावती छापली गेली तेव्हा पावणेदोन वाजले होते. दारावर लावलेल्या कागदावर तोवर ‘सर्व्हर डाऊन’ असेच लिहिलेले होते.

दुसरा प्रकार अधिक सावकाश घडतो, म्हणून अधिक घातक आहे. पोस्टग्रेस हा मुक्त स्रोत डेटाबेस आता सरकारी आणि खासगी दोन्हीकडे मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, आणि ते स्वागतार्ह आहे. त्यात एखादी ओळ बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. नवी शेजारी लिहिली जाते आणि जुनी मृत म्हणून पडून राहते. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी खोळंबावे लागू नये, यासाठी ही रचना आहे. या मृत ओळींची जागा पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे काम ऑटोव्हॅक्यूम ही बॅकग्राउंड प्रोसेस करते. २००८ साली आलेल्या ८.३ या आवृत्तीपासून ती मुळातच चालू ठेवलेली असते. तरीही ‘ती चालू झाली की सिस्टीम स्लो होते’ असे म्हणून ती बंद केलेली मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. काही दिवस खरोखरच बरे वाटते. मग तक्ते फुगू लागतात, चार ओळी शोधण्यासाठी हजारो मृत ओळी चाळाव्या लागतात, आणि तक्त्यांची आकडेवारी ताजी ठेवण्याचे कामही ऑटोव्हॅक्यूमचेच असल्यामुळे डेटाबेस माहिती शोधण्याची वाटच चुकीची निवडू लागतो. त्यावर उपाय म्हणून मोठा सर्व्हर विकत घेतला जातो.

खरा उपाय पैशांचा नसतो. ऑटोव्हॅक्यूम मूळ मांडणीनुसार एखाद्या तक्त्याकडे वळते ती त्यातल्या ५० अधिक एकूण ओळींच्या २० टक्के इतक्या ओळी मृत झाल्यावर. हजार ओळींच्या तक्त्याला हे ठीक आहे; एक कोटी ओळींच्या तक्त्यात मात्र २० लाखांवर मृत ओळी साठेपर्यंत ती येतच नाही, आणि आली की एवढा ढिगारा एकदम उपसायचा असल्यामुळे तिचा भार जाणवतो. त्या एका तक्त्यापुरते हे प्रमाण २० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणले की ती वारंवार येते, थोडेथोडे झाडते आणि कुणाला कळतही नाही. एका ओळीची आज्ञा आहे ती.

याच प्रोसेसकडे आणखी एक जबाबदारी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर डेटाबेस लिहिणेच थांबवतो. पोस्टग्रेस प्रत्येक बदलाच्या व्यवहाराला ३२ बिटांचा क्रमांक देतो. हे क्रमांक सुमारे ४२९ कोटींपर्यंतच जातात आणि मग फिरून सुरुवातीपासून येतात. त्यामुळे कोणता व्यवहार आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवण्यासाठी कोणत्याही क्षणी मागचे सुमारे २१४ कोटी क्रमांकच उपयोगी पडतात. जुन्या ओळींवर ‘ही कायमची जुनी’ असा शिक्का मारून क्रमांक मोकळे करण्याचे काम व्हॅक्यूमचे, म्हणजे ऑटोव्हॅक्यूम करते त्याच साफसफाईचे. एखाद्या तक्त्याचे वय (शिक्का न मारलेल्या सर्वांत जुन्या ओळीनंतर झालेले व्यवहार) २० कोटींपुढे गेले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेली असली तरी डेटाबेस तिला या कामापुरते सक्तीने सुरू करतो, यावरून त्याचे महत्त्व कळावे. तरीही ती मागे पडली, तर माहितीत गोंधळ होण्याआधी डेटाबेस नवे बदल स्वीकारणे थांबवतो. जुलै २०१५ मध्ये सॉफ्टवेअरमधील त्रुटी टिपणाऱ्या सेंट्री या अमेरिकी सेवेवर आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपच्या मँड्रिल या ईमेल सेवेवर हीच वेळ आली. दोन्ही कंपन्या नवख्या नव्हत्या. त्यांनी नंतर जे केले ते मला फार मोलाचे वाटते: व्यवहार क्रमांक संपत आले आणि व्हॅक्यूम मागे पडले, हे त्यांनी आपल्या ग्राहकांना स्वच्छ शब्दांत लिहून कळवले. ते वाचून जगभरातल्या कित्येक ॲडमिनिस्ट्रेटरांनी आपापल्या डेटाबेसचे वय तपासले. मीही तपासले.

आपल्याकडे ‘तांत्रिक अडचण’ या शब्दांवर विषय मिटतो. त्यामुळे एका कार्यालयात जे घडले त्यावरून शेजारच्या कार्यालयाला काहीच कळत नाही, आणि तीच डिस्क तिथेही भरत राहते. देखभालीच्या करारांत सर्व्हर किती तासांत दुरुस्त करायचा हे बारकाईने लिहिलेले असते, पण अलर्ट लॉग रोज कोणी वाचायचा, आर्काइव्हची जागा किती टक्के भरली की कोणाला फोन जायचा आणि बॅकअप खरोखर परत उभा राहतो का हे महिन्यातून कोणी तपासायचे, हे लिहिलेले मी फार थोड्या करारांत पाहिले. निविदा काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की हे करारात नावानिशी लिहावे. याला महागडी साधने लागत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून या प्रोसेस कोणत्या स्थितीत आहेत हे एका साध्या क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, दिसते, ओरॅकलमध्येही दिसते.

आणि आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे कुणी सर्व्हर डाऊन असल्याचे सांगितले, तर कोणती प्रोसेस थांबली होती आणि तिची पहिली तक्रार लॉगमध्ये कोणत्या तारखेला उमटली, हे कृपया विचारावे. उत्तर देणाऱ्याला ते शोधण्यासाठी लॉग उघडावा लागेल.

त्या पतसंस्थेत आता सकाळी शटर उघडल्यावर पहिला कर्मचारी आर्काइव्हची जागा किती टक्के भरली आहे ते पाहतो आणि हजेरीपटाशेजारी ठेवलेल्या शंभर पानी वहीत तारखेसमोर तो आकडा लिहून सही करतो. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा शेवटचा आकडा ३१ होता.

आपली विश्वासू,
एक डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर,
सांगली