काकूंना फोन करत जा

कोल्हापूर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

पावसानं नुसती झड धरली आहे. जोतिबाचा डोंगर ढगात गेलाय तो बाहेर यायचं नाव नाही. गगनबावड्याकडं धो धो कोसळतोय, राधानगरी धरणाचे सातपैकी चार स्वयंचलित दरवाजे उघडलेत आणि पंचगंगा पात्राबाहेर पडली आहे. आज दुपारी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 38 फुटांवर होतं. इशारा पातळी 39, धोका 43, हे तुला काय सांगायचं! 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 च्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा हे आकडे आपल्या डोक्यात कायमचे बसले.

पावसाळा आला की आमच्या फाउंड्रीत कामाचा ताण वाढतो. हवाच इतकी दमट की वाळू कोरडी म्हणून राहत नाही, कोअर (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) ओल धरतात. त्या ओलीची वाफ होते, वितळलेल्या लोखंडात अडकते आणि कास्टिंगला भोकं पडतात. ओलावा मोजायचं यंत्र आहे, तरी आमचे जुने मोल्डर वाळू मुठीत दाबतात, गोळा मोडून बघतात आणि हाताला किती चिकटली त्यावरून सांगतात, "आज पाणी कमी घाला." बहुतेक वेळा बरोबर निघतं. ते बघताना मला अजूनही फार बरं वाटतं.

ओतकामाच्या वेळी मोबाईल कप्प्यात ठेवायचा, असा आमच्याकडं नियम आहे आणि तो हवाच. पण आंबेवाडी-चिखलीची पोरं कामाला आहेत. गावात पाणी शिरायची वेळ आली की त्यांचं मन भट्टीपाशी कसं राहणार? म्हणून आम्ही वॉचमनच्या केबिनबाहेर फळा लावलाय. दर तासाला बंधाऱ्याची पातळी, राधानगरीचे दरवाजे आणि विसर्ग, एवढंच खडूनं लिहायचं. पोरं चहाला जाताना बघतात, "जनावरं वर नेली का रं?" असं एकमेकांना विचारतात आणि कामाला लागतात. फोनवर हाच आकडा बघायला गेलं की त्याच्यामागनं दहा व्हिडिओ येतात आणि माणूस अर्धा तास तिथंच उभा.

आता मुख्य सांगायचं ते. रविवारी शाहूपुरीला काकूंकडं गेलो होतो. धान्याचे डबे, तुझी जुनी पुस्तकं, सगळं आम्ही माळ्यावर चढवलं. काकूंचे डोळे लाल दिसले. रात्रभर फोन बघत बसल्या होत्या. "पाणी कोपऱ्यापर्यंत आलंय बघ," म्हणून त्यांनी मला एक व्हिडिओ दाखवला. बोटीत बसलेल्या माणसांच्या तोंडावर मास्क होते. म्हणजे 2021 चा. कोपऱ्यावरचा रस्ता तर मी येताना चांगला कोरडा बघून आलो होतो. त्यांना हात धरून गॅलरीत नेलं, रस्ता दाखवला, तेव्हा कुठं चहा घेतला त्यांनी.

तो व्हिडिओ तू पाठवला होतास. काळजीनंच पाठवलास, मला माहीत आहे. हिंजवडीत बसून तुझा जीव वर-खाली होत असणार. पण भावा, काकूंना व्हिडिओ पाठवू नकोस, फोन कर. काय जेवलीस, पाण्याची मोटार वर घेतली का, शेजारी कोण आहे, असं काहीही विचार. तुझा आवाज ऐकल्यावर त्या झोपतील. पाण्याचा आकडा हवा असेल तर मला विचार, फळ्यावरचा खरा आकडा देईन.

साडेनऊनंतर कर, तोवर त्यांची मालिका चालू असते. आणि पाणी 41 च्या वर गेलं की मी त्यांना राजारामपुरीत आमच्याकडं आणणार आहे. आईनं खोली तयार ठेवली आहे. तेवढं आधी तूच त्यांच्या गळी उतरव, माझं त्या ऐकत नाहीत.

तुझाच,
शिरोलीवाला